ओळ मावली नाही तर?

१९९६ च्या सुमाराची गोष्ट आहे. एका शाळेचा निकाल छापण्यासाठी आम्ही तिघा-चौघांनी मिळून 'सी' भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. संगणकाने आधी गुण विचारायचे, मग विद्यार्थ्याचे पूर्ण नाव विचारायचे आणि शेवटी सगळी यादी छापायची, एवढेच काम. नावे रोमन लिपीत भरायची होती. चार-पाच नावे घालून आम्ही प्रोग्रॅम तपासला. सारे काही ठीक होते.

निकालाच्या आदल्या संध्याकाळी यादी छापली, तर एका मुलीच्या नावापुढे १०० पैकी २१,०५७ गुण!

गुण पुन्हा भरले. पुन्हा २१,०५७. आमच्यातल्या एकाने 'व्हायरस आलाय' असे ठामपणे जाहीर केले. दुसऱ्याने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. त्या मुलीच्या मागच्या-पुढच्या मुलांचे गुण मात्र अगदी बरोबर होते. मग ह्याच मुलीवर संगणकाची एवढी मेहेरबानी का? बऱ्याच वेळाने आमचे लक्ष तिच्या नावाकडे गेले. वडिलांचे नाव आणि आडनाव धरून ते वर्गातले सर्वांत लांब नाव होते.

लांब नावाचा आणि गुणांचा काय संबंध? ह्याचे उत्तर नवशिक्यांच्या एका साध्या गणितात दडलेले आहे. 'सी' शिकणाऱ्या बहुतेकांना ते कधी ना कधी सोडवावे लागते: दिलेल्या मजकुरातील सर्वांत लांब ओळ शोधून छापा. हे गणित वर्गात संगणकाशिवायही करून पाहता येते. चला, करून पाहू.

संगणकाला ओळ दिसत नाही

वहीचे पान पाहिले की आपल्याला ओळी दिसतात. संगणकाला पान दिसत नाही. त्याच्या दृष्टीने मजकूर म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चिन्हांची लांबच लांब रांग. अक्षर हे एक चिन्ह, दोन शब्दांमधली मोकळी जागा हेही एक चिन्ह, आणि 'इथे ओळ संपली' हे सांगणारेही एक चिन्हच. प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. 'आस्की' या संकेतात मोकळ्या जागेचा क्रमांक ३२ आहे, रोमन मोठ्या 'ए'चा ६५ आणि नव्या ओळीच्या चिन्हाचा १०.

ह्या १० क्रमांकाला एक भाऊही आहे, १३. जुना टंकलेखक वापरलेल्यांना ह्या दोघांची ओळख पटकन पटेल. ओळ संपली की दोन गोष्टी कराव्या लागत. गाडा पुन्हा सुरुवातीला आणायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. दूरमुद्रक यंत्रांत ह्या दोन क्रियांना दोन वेगळे संकेत होते. गाडा मागे नेण्याचा १३ आणि कागद सरकवण्याचा १०. पुढे 'युनिक्स' प्रणालीने एकट्या १० वर भागवले, तर 'डॉस' आणि 'विंडोज'मध्ये १३ आणि १० ही जोडी कायम राहिली. त्यामुळे विंडोजमध्ये तयार केलेली फाइल लिनक्सवर नेऊन ओळींची लांबी मोजली, तर प्रत्येक ओळ एका चिन्हाने जास्त भरते. विद्यार्थी गोंधळतात, पण प्रोग्रॅम चुकलेला नसतो. ओळ कुठे संपते हा दोन पक्षांमधला करार आहे आणि इथे दोघांचे करार वेगळे आहेत.

वर्गातला संगणक

आता खेळाची तयारी. जाड कागदाची कार्डे कापा. एका कार्डावर एकच अक्षर. सुरुवातीला काना-मात्रा-वेलांटी नसलेले शब्दच घ्या. कोरे पांढरे कार्ड म्हणजे मोकळी जागा, लाल कार्ड म्हणजे नव्या ओळीचे चिन्ह. मग पुढील पाच ओळींची कार्डे क्रमाने लावून एक गठ्ठा करा. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लाल कार्ड ठेवायला विसरू नका.

कमळ
अननस
(रिकामी ओळ, म्हणजे फक्त लाल कार्ड)
गरम वरण
घर

फळ्यावर दहा-दहा खणांच्या दोन पट्ट्या आखा. एकीला 'चालू' म्हणा, दुसरीला 'सर्वांत लांब'. बाजूला 'कमाल' नावाचा एक खण आखून त्यात ० लिहा.

तीन विद्यार्थी पुढे बोलवा. पहिला गठ्ठेवाला. मागितले की वरचे एक कार्ड द्यायचे आणि गठ्ठा संपला की 'संपले' म्हणायचे, एवढेच त्याचे काम. दुसरा लेखनिक. तो गठ्ठेवाल्याकडून एकेक कार्ड मागून 'चालू' पट्टीवर उतरवतो. लाल कार्ड आले की तेही लिहितो, पुढच्या खणात फुली मारून 'पट्टीवरचा मजकूर इथे संपला' अशी खूण करतो आणि किती कार्डे आली ते ओरडून सांगतो. फुली तो मोजत नाही. तिसरा हिशेबनीस. त्याच्यासाठी पुढील सूचना फळ्यावर लिहा.

१. 'कमाल' खणात ० लिही.
२. लेखनिकाला पुढची ओळ वाचायला सांग आणि लांबी विचार.
३. लांबी ० असेल तर थेट सूचना ६ वर जा.
४. लांबी 'कमाल'पेक्षा जास्त असेल तर ती 'कमाल' खणात लिही आणि 'चालू' पट्टी जशीच्या तशी 'सर्वांत लांब' पट्टीवर उतरव.
५. सूचना २ वर परत जा.
६. 'कमाल' ० पेक्षा जास्त असेल तर 'सर्वांत लांब' पट्टी वाचून दाखव. थांब.

लेखनिकाकडून क्रमाने ४, ५, १, ८, ३ अशा लांब्या येतील. 'कमाल' खणातला आकडा ०, ४, ५, ५, ८, ८ असा बदलत जाईल आणि शेवटी 'गरम वरण' वाचले जाईल.

खेळ संपल्यावर मुलांना काही प्रश्न विचारा. पट्ट्या दोन कशाला? एक पुसून पाहा. 'घर' लिहिताना 'गरम वरण' पुसले जाईल आणि 'कमाल' खणात ८ असूनही ती आठ चिन्हांची ओळ कोणती हे सांगता येणार नाही. सारख्या लांबीच्या दोन ओळी आल्या तर कोणती छापली जाईल? पहिली. पण सूचना ४ मध्ये 'जास्त असेल तर' याऐवजी 'जास्त किंवा तेवढीच असेल तर' लिहिले की शेवटची. दोन शब्दांनी उत्तर बदलते.

तिसरा प्रश्न जरा खोलातला आहे. रिकामी ओळ आल्यावर हिशेबनीस का थांबला नाही? कारण लाल कार्डही मोजले जाते, म्हणून रिकाम्या ओळीची लांबी १ भरते. लांबी ० येते ती गठ्ठा संपल्यावरच. लाल कार्ड मोजणे सुरुवातीला विचित्र वाटते, पण 'काहीच नसलेली ओळ' आणि 'ओळच नाही' यातला फरक त्यामुळे टिकतो. परीक्षेत ० गुण मिळालेला आणि परीक्षेला गैरहजर राहिलेला, ह्यांच्यात निकालपत्रकावर जसा फरक करावा लागतो, तसाच हा.

खेळ 'सी' भाषेत

हा खेळ आम्ही शोधलेला नाही. १९७८ साली ब्रायन कर्निहन आणि डेनिस रिची यांचे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये दोघेही काम करीत. त्याआधी १९७२ च्या सुमारास रिची यांनी तिथेच 'सी' भाषा घडवली होती. ह्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात सर्वांत लांब ओळ छापणारा प्रोग्रॅम आहे आणि वरच्या सूचना त्याच्याच धर्तीवर आहेत.

'सी'च्या आज्ञा रोमन लिपीत लिहाव्या लागतात, म्हणून इथे त्यांचे नुसते उच्चार देतो. आपला गठ्ठेवाला म्हणजे 'गेटचार'. लेखनिक म्हणजे 'गेटलाइन' नावाचे फंक्शन. हिशेबनीस म्हणजे 'मेन'. पट्टी म्हणजे 'अ‍ॅरे'. फुलीच्या जागी 'सी' शून्य क्रमांकाचे चिन्ह ठेवते. गठ्ठेवाल्याचे 'संपले' म्हणजे 'ईओएफ'. हे 'संपले' काही कार्डावर छापलेले नाही, ती गठ्ठेवाल्याची बोली आहे. म्हणून 'सी'मध्ये त्याला कोणत्याही चिन्हाचा नसलेला, ऋण क्रमांक देतात, आणि 'गेटचार'चे उत्तर 'चार' प्रकारच्या जागेत न ठेवता 'इंट' प्रकारच्या जागेत ठेवायला शिकवतात.

पुस्तकातला प्रोग्रॅम आज जसाच्या तसा चालवून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. 'गेटलाइन' नावाचे दुसरेच एक फंक्शन २००८ साली 'पॉसिक्स' मानकात आले. त्यामुळे लिनक्सवरचे कंपायलर बहुधा नावांच्या टकरीची तक्रार करतात. आपल्या फंक्शनला दुसरे कोणतेही नाव द्या, तक्रार थांबते.

आता लांब ओळ

पुन्हा वर्गात येऊ. 'चालू' पट्टीच्या उजवीकडे, तिला अगदी चिकटून, आणखी तीन खण आखा आणि त्यांत ३, ५, ० असे आकडे लिहा. ही कोणाची तरी जमा झालेली फी आहे, ३५० रुपये. संगणकाच्या स्मृतीत असेच असते. खणांना खण लागून असतात आणि आपल्या पट्टीशेजारी दुसऱ्या कोणाचे तरी सामान ठेवलेले असते.

आता गठ्ठ्यात ही ओळ लावा:

गरम गरम वरण

लेखनिकाला वेगळे काही सांगू नका. तो लिहू लागेल. अकरा चिन्हे, एक लाल कार्ड आणि एक फुली, मिळून तेरा खण लागतात. पट्टी आहे दहा खणांची. बहुतेक मुले दहाव्या खणाशी थांबून तुमच्याकडे पाहतात. इथे त्यांना सांगा, 'संगणक असा थांबून बघत नाही. सांगितले नसेल, तर तो पुढे लिहीतच जातो.' मग अकराव्या खणात ३ च्या जागी 'ण' येतो, बाराव्यात लाल कार्ड, तेराव्यात फुली. फी गेली! आणि लेखनिकाने आपल्या सूचनांपैकी एकही मोडलेली नाही.

आमच्या निकालपत्रकात नेमके हेच झाले होते. नावासाठी आम्ही ३० खण ठेवले होते आणि त्यांना लागूनच गुणांचे दोन खण होते. गुण आधी भरले जात, नाव नंतर. त्या मुलीचे नाव मोकळ्या जागा धरून ३२ चिन्हांचे होते आणि आडनाव 'कर'ने संपत होते. नावाची शेवटची दोन अक्षरे, 'ए' आणि 'आर', गुणांच्या खणांत जाऊन बसली. त्यांचे क्रमांक ६५ आणि ८२. आमच्या त्या वेळच्या संगणकावर पूर्णांकाला दोन खण लागत आणि दुसऱ्या खणातल्या संख्येची किंमत २५६ पट धरली जाई. ८२ गुणिले २५६ म्हणजे २०,९९२. त्यात ६५ मिळवले की २१,०५७. संगणकाने गुण वाढवलेले नव्हते. त्याने आडनावाचा शेवट संख्या समजून वाचला होता.

एक आकडा, जो विचारलाच नाही

आम्ही नाव वाचायला 'गेट्स' नावाचे फंक्शन वापरले होते. 'सी'बरोबर ते आयतेच मिळत असे आणि वापरायला अतिशय सोपे होते. कोणत्या पट्टीवर लिहायचे तेवढे सांगायचे. कर्निहन आणि रिची यांच्या 'गेटलाइन'ला मात्र दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पट्टी कोणती आणि तिच्यात खण किती. त्यांनी खणांची संख्या १,००० ठेवली आहे आणि दर चिन्हाआधी त्यांचा लेखनिक पाहतो की फुलीसाठी एक खण राखून आणखी जागा उरली आहे का. दोन फंक्शनांत फरक म्हणाल तर एका आकड्याचा. 'गेट्स' तो विचारतच नाही, आणि विचारला नाही तर कळणार कसा?

ह्या न विचारलेल्या आकड्याची किंमत २ नोव्हेंबर १९८८ रोजी जगाला कळली. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. तो 'मॉरिस वर्म' या नावाने ओळखला जातो. शिरण्याच्या त्याच्या अनेक वाटा होत्या. त्यातली एक 'फिंगर' नावाच्या सेवेतून जात होती. अमुक माणूस सध्या संगणकावर काम करतो आहे का, असे दुसऱ्या संगणकाला विचारण्याची ही साधी सोय. येणारी एक ओळ वाचायची आणि उत्तर द्यायचे. ती ओळ वाचायला 'गेट्स' वापरले होते आणि पट्टी होती ५१२ खणांची.

वर्मने तिथे ५३६ चिन्हांची ओळ पाठवली. जादा चिन्हे शेजारच्या खणांत सांडली. त्या शेजारी फी किंवा गुण नव्हते. 'हे काम झाले की पुढे कुठली आज्ञा पाळायची' त्याचा पत्ता तिथे ठेवलेला होता. वर्मने तो पत्ता पुसून तिथे स्वतःच्या आज्ञांचा पत्ता लिहिला. संगणक मुकाट्याने तिकडे गेला. आमच्याकडे आडनाव चुकून गुणांवर सांडले. इथे कोणीतरी मोजूनमापून सांडवले.

सुमारे ६,००० संगणकांना बाधा झाली, असा त्या वेळचा प्रचलित अंदाज होता. इंटरनेटवरचे एकूण संगणकच तेव्हा साठ हजारांच्या आसपास धरले जात. एकाच संगणकावर वर्मच्या अनेक प्रती चालू झाल्याने संगणक इतके मंदावत, की ते जाळ्यापासून तोडावे लागत. १९९० मध्ये मॉरिस दोषी ठरला आणि त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा व दंड अशी शिक्षा झाली. 'गेट्स' मात्र त्यानंतरही बरीच वर्षे 'सी'च्या मानकात टिकून होते. २०११ सालच्या मानकातून ते काढून टाकण्यात आले. १९९६ च्या आमच्या निकालपत्रकावेळी वर्मची बातमी आठ वर्षांची जुनी झाली होती. तरी आम्ही 'गेट्स'च वापरले, कारण आम्ही ज्या पुस्तकावरून शिकलो त्यात तेच होते. आज शिकवताना ह्याची आठवण ठेवावी. उदाहरण सोपे करण्यासाठी आपण जे गाळतो, ते शिकणाऱ्याला आहे हेच कळत नाही.

सांडले नाही, पण तुटले

मग आकडा विचारणारा लेखनिक घेतला की प्रश्न संपला? खेळ पुन्हा खेळून पाहा. आता लेखनिकाला सांगा, नऊ खण भरले की थांब, दहाव्यात फुली मार आणि लांबी सांग. 'गरम गरम वरण'साठी तो 'गरम गरम व' लिहून थांबेल आणि '९' म्हणेल. शेजारची फी सुरक्षित! पण गठ्ठ्यात उरलेली कार्डे कुठे जातील? हिशेबनीस पुढची ओळ मागेल, तेव्हा 'रण' ही एक वेगळी ओळ म्हणून येईल. वरणाचे रण झाले! लाल कार्डासह खरी लांबी १२, पण आपला प्रोग्रॅम सांगतो ९, आणि सहा ओळींच्या सात ओळी होतात. कुठेही धोक्याची घंटा वाजत नाही. पुस्तकातल्या प्रोग्रॅमला २,५०० चिन्हांची ओळ दिली तर तोही तिचे ९९९, ९९९ आणि ५०३ असे तीन तुकडे करील.

लेखकांना हे ठाऊक होते. म्हणून प्रोग्रॅमनंतर त्यांनी वाचकासाठी सराव दिला आहे: ओळ कितीही लांब असो, लांबी बरोबर छापली पाहिजे आणि मजकूर जमेल तेवढा. मुलांना हा प्रश्न टाका आणि थोडे थांबा. उत्तर सुंदर आहे. लिहिणे आणि मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत. पट्टी भरल्यावर लिहिणे थांबवा, पण कार्डे मागणे आणि मोजणे लाल कार्ड येईपर्यंत चालू ठेवा. मोजायला पट्टी लागतच नाही, एक आकडा पुरतो. मग लांबी १२ येते, पट्टीवर ९ चिन्हे असतात, आणि ओळ तुटली हे दोन्ही आकड्यांच्या फरकावरून कळते.

तयार फंक्शनांपैकी 'एफगेट्स' हे 'गेट्स'ला पर्याय म्हणून वापरतात. ते खणांची संख्या विचारते. पण त्यानेही पट्टी भरली की उरलेला भाग गठ्ठ्यातच राहतो. म्हणून 'एफगेट्स' वापरल्यावर पट्टीच्या शेवटी नव्या ओळीचे चिन्ह आले आहे का, हे पाहण्याची सवय लावावी. ते नसेल तर एक तर ओळ तुटली आहे, नाहीतर फाइलच्या शेवटच्या ओळीला ते चिन्ह दिलेलेच नाही.

'कान्याचं कार्ड वेगळं का?'

खेळात काना-मात्रा नसलेलेच शब्द का घेतले, असे एखादा विद्यार्थी विचारतोच. 'शाळा' हा शब्द घेऊ. आपण म्हणतो, अक्षरे दोन. पुस्तकातला प्रोग्रॅम आजच्या संगणकावर 'शाळा' ही ओळ वाचून लाल कार्ड वगळता लांबी सांगतो १२!

कारण त्या पुस्तकाच्या काळात एक चिन्ह म्हणजे एक खण, एक बाइट, हे गृहीत होते. रोमन लिपीला ते पुरले. १९९१ साली भारतीय मानक म्हणून आलेल्या 'इस्की' या संकेतातही देवनागरीचे एक चिन्ह एका बाइटमध्ये बसे. आज मजकूर बहुतेक ठिकाणी 'युनिकोड'मध्ये असतो आणि फाइलमध्ये तो 'यूटीएफ-८' या पद्धतीने लिहितात. ही पद्धत १९९२ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्याच केन टॉमसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात जेवणाच्या टेबलावर आखली. तिच्यात मूळ आस्कीतल्या चिन्हांना पूर्वीसारखा एकच बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'शाळा'मध्ये श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे आहेत. चार त्रिक बारा.

आता गंमत पाहा. एका ओळीवर 'वाचन' आणि दुसऱ्या ओळीवर रोमन लिपीत 'मॅथेमॅटिक्स' लिहा. पहिली ओळ १२ बाइटची, दुसरी ११ अक्षरांची आणि ११ बाइटची. आपला प्रोग्रॅम सांगेल, सर्वांत लांब ओळ 'वाचन'! आणि पट्टी भरली म्हणून मध्येच थांबलेला लेखनिक आता अक्षराचेही तुकडे करू शकतो. तीनपैकी एकच बाइट पट्टीत आला, की पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते.

दुरुस्तीची पहिली पायरी नवशिक्यालाही जमते. यूटीएफ-८ मध्ये चिन्हाच्या पहिल्या बाइटनंतर येणारे सगळे बाइट १२८ ते १९१ यांच्या दरम्यान असतात. 'श'चे बाइट २२४, १६४, १८२ आहेत, त्यावरून हे ताडून पाहा. 'गेटचार'कडून आलेली संख्या १२८ ते १९१ मध्ये असेल तर ती मोजायची नाही, एवढी एक अट घातली की 'शाळा'ची लांबी ४ येते. ४ चे २ करायचे, म्हणजे काना-मात्रा आणि हलन्त मागच्या अक्षरात मिळवायचे, तर मराठीचे व्याकरण प्रोग्रॅमला शिकवावे लागेल. 'स्त्री' हे अक्षर एक, चिन्हे सहा, बाइट अठरा. ह्यातली खरी लांबी कोणती? पट्टीत जागा ठेवायची असेल तर १८, कवितेच्या चरणात अक्षरे मोजायची असतील तर १. आधी कशासाठी मोजतो आहोत ते ठरवावे लागते.

वर्गासाठी

असा प्रोग्रॅम विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलात, तर नेहमीच्या चार ओळी देऊन तो तपासू नका. चार-पाच नेहमीची नावे घालून समाधान मानल्यावर काय होते, ते आमच्या निकालपत्रकाने दाखवलेच आहे. चुका काठावर बसलेल्या असतात. पुढील सहा गोष्टी देऊन पाहा: पूर्ण रिकामी फाइल, फक्त एक रिकामी ओळ, शेवटी नव्या ओळीचे चिन्ह नसलेली ओळ, पट्टीत नेमकी मावणारी ओळ, तिच्याहून एकाच चिन्हाने लांब ओळ, आणि एक मराठी ओळ. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम चालवण्याआधी उत्तर काय यावे ते कागदावर लिहायला लावा. मग संगणक 'चुकला' की आपला अंदाज, हे ठरवता येते.

आणि एक प्रश्न दर वेळी विचारा: 'हे मावलं नाही तर तू काय करणार?' त्याची उत्तरे तीन. कापायचे, नाकारायचे किंवा जागा वाढवायची. निबंधाची ओळ कापली तर चालेल कदाचित. आमच्या निकालपत्रकात नाव कापले असते तर आडनाव गेले असते, आणि प्रोग्रॅमच्या सोयीसाठी कोणाचे आडनाव कापण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. आम्ही पट्टी ६० खणांची केली आणि नाव तिच्यातही मावले नाही तर तसे स्पष्ट सांगणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली. रात्री उशिरा यादी पुन्हा छापली. ते नाव पूर्ण आले आणि पुढे तिचे स्वतःचे गुण आले.